सक्तीच्या प्रशिक्षणाविरुद्ध धरणं कसं धरायचं: आशा आणि गट प्रवर्तक ताईंसाठी

आशा (गावातल्या आरोग्य स्वयंसेविका) आणि गट प्रवर्तक (त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या) ताईंना प्रशिक्षणाचं पत्र बहुधा आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. उद्या सकाळी दहाला तालुक्याला हजर राहावे, गैरहजर राहिल्यास कारवाई करण्यात येईल. खाली सही कोणाची ते दिसत नाही, जावक क्रमांक नसतो, भत्त्याचा उल्लेख नसतो. एसटीचं भाडं पदरचं जातं, त्या दिवसांतल्या गृहभेटींचा मोबदला बुडतो, आणि गावात बाळंतीण वाट बघत बसते ते वेगळंच. यावर एकेकटीने फोन करून भांडल्याने काही होत नाही, हे बहुतेकींना ठाऊक आहे. सगळ्यांनी मिळून काय करायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं, ते पुढे दिलं आहे. मोर्चात चाललेल्या पण स्वतः मोर्चा कधी न काढलेल्या ताईंसाठी हा लेख आहे.

१. आधी मागणी नीट मांडा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. फलकावर ‘प्रशिक्षण नको’ लिहिलं की दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘आशांचा शिकण्यास नकार’. मग गावातली माणसंही तुमच्या बाजूने बोलत नाहीत. घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली. गावातल्याच बायकांना शिकवलं आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली ते निष्कर्ष जगापुढे आले आणि आज देशभर आशा जे एचबीएनसीचं, म्हणजे घरी जाऊन नवजात बाळाच्या काळजीचं काम करतात, त्याची मुळं तिथे आहेत. शिकण्याची किंमत आशांइतकी दुसऱ्या कोणाला कळणार? तेव्हा विरोध आहे तो फुकट, धमकी देऊन आणि वेळकाळ न बघता लादलेल्या प्रशिक्षणाला. हे पहिल्या ओळीत आलंच पाहिजे.

मागण्या पाच-सहाच ठेवा आणि प्रत्येक अशी लिहा की अधिकाऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल:

- प्रशिक्षणाचं लेखी पत्र, सही आणि जावक क्रमांकासह, किमान १५ दिवस आधी मिळावं.
- मंजूर दैनिक भत्ता आणि प्रवासखर्च शेवटच्या दिवसापासून ठरावीक मुदतीत बँक खात्यात जमा व्हावा.
- प्रशिक्षणामुळे चुकलेल्या गृहभेटींचा मोबदला कापू नये.
- लसीकरण सत्राच्या दिवशी प्रशिक्षण ठेवू नये.
- तान्ही मुलं असलेल्या ताईंसाठी केंद्रावर स्वतंत्र खोली असावी.
- चाचणीत कमी गुण पडले म्हणून कामावरून काढू नये, पुन्हा संधी द्यावी.

‘सन्मानाने वागवा’ ही भावना खरी आहे, पण ती भाषणात बोला. मागणीपत्रात लिहिली तर तिच्यावर आश्वासन मिळतं आणि विषय तिथेच संपतो.

तिसऱ्या मागणीसाठी एक हिशोब तोंडपाठ असू द्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर भेटीचे दिवस ३, ७, १४, २१, २८ आणि ४२. घरी झालं तर पहिल्या दिवसाची भेट वाढते. सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर २५० रुपये. आता सोमवार ते शुक्रवार असं पाच दिवसांचं प्रशिक्षण धरा. शनिवारी जन्मलेल्या बाळाचा तिसरा दिवस येतो सोमवारी आणि सातवा शुक्रवारी. दोन्ही भेटी प्रशिक्षणात अडकल्या. बाळाला धोका सर्वात जास्त असतो तो याच पहिल्या आठवड्यात. अधिकाऱ्यापुढे आणि पत्रकारापुढे हे एक उदाहरण कॅलेंडर समोर धरून सांगा. मोठ्या भाषणाने जे होत नाही ते याने होतं.

२. कागद गोळा करा

धरण्याच्या किमान सव्वा ते दीड महिना आधी सुरुवात करा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रामागे एक ताई नेमा आणि तिच्याकडे एक फाईल द्या. फाईलमध्ये काय हवं:

- प्रशिक्षणाची पत्रं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आदेश असेल तर तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट, छापून.
- गेल्या दोन वर्षांत कोण किती दिवस प्रशिक्षणाला गेली, त्याचा साधा तक्ता. तारीख, ठिकाण, विषय, जाण्या-येण्याचं भाडं, मिळालेली रक्कम.
- बँक पासबुकाच्या संबंधित पानाची प्रत. पैसे आले नाहीत हे दाखवायला याहून चांगला पुरावा नाही.
- एसटीची तिकिटं. ती दोन महिन्यांत पांढरी पडतात, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा. इथेच नव्या लोकांचे अर्ज परत येतात, कारण सगळी गाऱ्हाणी एकाच अर्जात घातलेली असतात. तीनच गोष्टी मागा: आशा प्रशिक्षणासाठी प्रति दिवस प्रति व्यक्ती मंजूर भत्ता, प्रवासखर्च आणि जेवणाचा दर, प्रत्यक्ष झालेला खर्च, आणि अमुक प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकाच्या व पैसे दिल्याच्या पावतीपत्रकाच्या साक्षांकित प्रती. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. पावतीपत्रकावरच्या सह्या तुमच्याच आहेत का, हे नीट तपासा. अनेकदा सगळं आंदोलन या एका कागदावर फिरतं.

३. निवेदन द्या आणि पोच घ्या

निवेदन एका पानाचं. प्रति, विषय, संदर्भ, मागण्या, मुदत. तालुका आरोग्य अधिकाऱ्यापासून सुरुवात करा, मग जिल्हा आरोग्य अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. प्रत माहितीस्तव जिल्हाधिकाऱ्यांना आणि मुंबईला राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या संचालकांना, आरोग्य भवन, सेंट जॉर्जेस रुग्णालय परिसर. थेट वरून सुरुवात केली तर वरचे विचारतात, ‘खाली भेटलात का?’ आणि पंधरा दिवस जातात.

प्रत्येक ठिकाणी स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ म्हणाले तर आवक-जावक विभागात द्या. तिथेही घेत नसतील तर पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पाठवा.

सह्यांबद्दल दोन गोष्टी सांभाळा. सह्यांच्या प्रत्येक पानावर वर मागण्या छापलेल्या असाव्यात. कोऱ्या पानावर सही नको, ते पान उद्या कशालाही जोडता येतं. आणि सहीसमोर नाव, गाव, आरोग्य केंद्र एवढंच लिहा. मोबाईल नंबर लिहिले की त्याच रात्री एकेकीला फोन सुरू होतात.

शेवटचं वाक्य मुदतीचं. ‘१५ दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास लोकशाही मार्गाने एक दिवसाचे धरणे आंदोलन करण्यात येईल.’ ‘तीव्र आंदोलन छेडू, होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील’ हे वाक्य सगळीकडे छापील सापडतं म्हणून लोक उचलतात. पोलीस नोटीस काढताना नेमकं तेच वाक्य उद्धृत करतात.

४. गावातल्या कामाची सोय आधी करा

हे काम घाईत उरकायचं नाही. धरण्याच्या दिवशी एखाद्या गावात बाळ दगावलं तर तुमची मागणी कितीही न्याय्य असली तरी ती त्या बाळाखाली गाडली जाते. आणि ते बाळ आपल्याच गावचं असतं.

धरण्याच्या आठ दिवस आधी प्रत्येक ताईने तीन याद्या काढायच्या. पहिली, पुढच्या पंधरा दिवसांत दिवस भरत आलेल्या बायका. दुसरी, ४२ दिवसांच्या आतली बाळं आणि त्यातली कमी वजनाची. तिसरी, क्षयरोगाच्या गोळ्या चालू असलेले रुग्ण, ज्यांची गोळी तुमच्या हातून जाते. धरण्याच्या तारखेला ज्या भेटी पडतात त्या आदल्या दिवशी किंवा त्या दिवशी पहाटे उरका. तिसऱ्या दिवसाची भेट पुढे ढकलायची नाही, काही झालं तरी.

प्रत्येक आरोग्य केंद्रामागे किमान दोन ताई गावातच ठेवा, दुर्गम भाग असेल तर जास्त. त्यांनी काळी फीत लावून काम करायचं, त्या आंदोलनातच आहेत. त्यांची नावं आणि कोणतं गाव कोणाकडे, हे वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोच घ्या. रुग्णवाहिकेचे १०२ आणि १०८ क्रमांक घरोघरी पुन्हा सांगून ठेवा. हा कागद पुढे नोटीस आली तर पहिल्यांदा काढायचा असतो.

५. किती वर चढायचं ते ठरवा

पहिल्याच वेळी संप नको. काळी फीत लावून प्रशिक्षण, मग हजेरीपत्रकावर सहीशेजारी ‘लेखी आक्षेप नोंदवून उपस्थित’ असं लिहिणं, मग अर्ध्या दिवसाचा ठिय्या, मग एक दिवसाचं धरणं, मग बहिष्कार. हजेरीवरचा शेरा छोटा वाटतो, पण सरकारी कागदावर तुमचा आक्षेप कायमचा नोंदला जातो, म्हणून तो फार उपयोगाचा. त्या पानाचा फोटो घ्या.

बहिष्कार करायचा असेल तर सगळ्या तालुक्याने, एका पत्राने, एकाच तारखेपासून. चाळीसपैकी पंचवीस जणी गेल्या नाहीत तर त्या पंचवीस जणींना एकटं पाडून नोटिसा देणं सोपं असतं. नव्वद टक्क्यांची तयारी नसेल तर बहिष्कार जाहीरच करू नका.

मेस्माचीही कल्पना असावी. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने अंगणवाडी सेविकांना हा अत्यावश्यक सेवेतल्या संपावर बंदी घालणारा कायदा लावला होता. विधिमंडळात आणि बाहेर मोठा विरोध झाल्यावर काही दिवसांतच त्याला स्थगिती द्यावी लागली. भिऊन बसायचं नाही, पण संपाची घोषणा करण्यापूर्वी संघटनेच्या वकिलाशी बोलायचं.

६. दिवस आणि जागा

टाळायचे दिवस: लसीकरण सत्राचे, पल्स पोलिओच्या आठवड्यातले, परीक्षेच्या काळात शाळेजवळचे, आचारसंहितेतले. चांगला दिवस म्हणजे आरोग्य केंद्रातल्या मासिक सभेचा किंवा त्याच्या दुसऱ्या दिवसाचा. ताई तशाही बाहेर पडलेल्या असतात.

प्रश्न तालुक्याचा असेल तर पंचायत समितीसमोर, भत्त्याचा असेल तर जिल्हा परिषदेसमोर. धोरणाचा असेल तरच मुंबई किंवा हिवाळी अधिवेशनात नागपूर. नागपूरला यशवंत स्टेडियम परिसर ही धरण्याची ठरलेली जागा, मुंबईत आझाद मैदान. आझाद मैदानासाठी २०२५ मध्ये नवे नियम आले. राखीव भागात जास्तीत जास्त ५,००० लोक आणि वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६. गावाकडून रात्रभर प्रवास करून येणाऱ्या ताईंच्या मुक्कामाची सोय मैदानाबाहेर आधी करावी लागते, हे लक्षात ठेवा.

रस्त्यावर बसणं टाळा. शांततेने निदर्शनं करण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्ये आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो पुन्हा मान्य केला. पण २०२० च्या शाहीनबाग निकालात सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येत नाही, असंही सांगितलं.

७. पोलिसांना अर्ज

किमान आठ दिवस आधी, ज्या ठाण्याच्या हद्दीत जागा येते तिथल्या वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे. अर्जात तारीख, सुरू होण्याची व संपण्याची वेळ, नेमकी जागा, अंदाजे संख्या, वाहनं किती आणि कुठे लावणार, ध्वनिक्षेपक आहे का, आणि तीन जबाबदार व्यक्तींची नावं व फोन. मोर्चा असेल तर मार्गाचा नकाशा हाताने काढून जोडा आणि वाहतूक शाखेलाही प्रत द्या. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी मागावी लागते. जागा नगरपालिकेची किंवा जिल्हा परिषदेची असेल तर त्यांचं ना-हरकत पत्र.

संख्या फुगवू नका. ३०० येणार असताना २,००० लिहिलं की बंदोबस्ताचं कारण देऊन परवानगी अडते.

परवानगीच्या पत्रासोबत अटी येतात आणि खाली सही करणारी व्यक्ती त्यांना बांधलेली असते. सही करण्यापूर्वी ओळ न् ओळ वाचा. शक्यतो सही संघटनेच्या अशा पदाधिकाऱ्याची असावी, जिचं रोजचं काम या खात्याच्या मर्जीवर अवलंबून नाही. परवानगी नाकारली तर ‘लेखी द्या’ म्हणा. तोंडी नकार म्हणजे काहीच नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा आदेश जिल्ह्यात चालू आहे का, हे ठाण्यात विचारा. तो पंधरा पंधरा दिवसांनी निघत राहतो. ३७(३) मध्ये जमाव आणि मिरवणुकीवर बंदी येते, ३७(१) मध्ये काठ्या, दगड, प्रतिमा किंवा पुतळे दाखवणं यांवर. यात नव्या आंदोलकांचा पाय हमखास अडकतो, तो फलकाच्या काठीमुळे. फलक काठीला लावू नका. पुठ्ठ्याला दोन भोकं पाडा, सुतळी ओवा आणि गळ्यात अडकवा. झेंड्याला लाकडी दांडा नको. पुतळा जाळण्याचा विचार तर सोडूनच द्या.

८. सामान, पाचशे ताईंसाठी

- पाणी: उन्हाळ्यात माणशी ३ लिटर, म्हणजे १,५०० लिटर, म्हणजे २० लिटरचे ७५ जार. एकाच टेम्पोतून न आणता दोन खेपांत आणा, दुपारपर्यंत गार राहतं.
- मांडव: बसायला माणशी ६ चौरस फूट धरा, एकूण ३,०००. सतरंज्या आणि वरून कापड. दक्षिण-पश्चिमेची बाजू झाका, दुपारनंतर ऊन तिथून येतं.
- शौचालय: ५० बायकांमागे एक. नगरपालिकेकडे फिरत्या शौचालयासाठी अर्ज, पैसे भरून. बायका लघवी लागू नये म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत आणि चक्कर येऊन पडतात. मांडवापेक्षा हा खर्च महत्त्वाचा.
- ओआरएसची १०० पाकिटं, सॅनिटरी पॅड, प्रथमोपचार पेटी. देणाऱ्या हातांची आपल्याकडे कमी नाही.
- एक बॅटरीवरचा माईक, एक हातातला कर्णा, जादा बॅटरी.
- १० बाय ४ फुटांचा कापडी फलक. त्यावर तारीख छापू नका, पुन्हा वापरता येतो.

प्रवासासाठी एसटीचा प्रासंगिक करार (म्हणजे अख्खी गाडी भाड्याने घेणं) आणि साधी तिकिटं यांचा हिशोब आधी मांडून बघा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, त्यामुळे नेहमीच्या गाड्यांनी जाणं बहुधा स्वस्त पडतं. मालवाहू टेम्पोत बसू नका. नाक्यावर तो अडवण्याचं कारण पोलिसांच्या हातात आयतंच जातं.

वर्गणीची छापील पावती द्या, १० रुपयांची असली तरी.

९. त्या दिवशी

कामं आदल्या दिवशी नावानिशी वाटा: मंचावर दोघी, पोलिसांशी बोलायला एकच, पत्रकारांशी एकच, पाणी-औषध चौघी, प्रत्येक तालुक्याची हजेरी घेणारी एक, आणि सगळं मोबाईलवर चित्रित करणारी एक, जिने घोषणा द्यायच्या नाहीत. भाषण तीन मिनिटांचं. राजकीय पाहुणे आले तर बोलू द्या, पण मागणीपत्र आधी त्यांच्या हातात द्या आणि माईक परत घ्या.

पत्रकारांना एका पानाचं टिपण, आकड्यांसह, दुपारी तीनच्या आत. जिल्ह्याची पानं लवकर भरतात. शनिवारच्या बाळाचं उदाहरण पहिल्या परिच्छेदात.

१०. चर्चा आणि लेखी

शिष्टमंडळ पाच जणींचं, त्यात एक लिहिणारी. कोण काय म्हणालं, किती वाजता, शब्दशः. ‘वरिष्ठांना कळवतो’ असं म्हणाले तर ‘कोणत्या तारखेच्या पत्राने?’ असं विचारा. उठण्यापूर्वी मागणीनिहाय लेखी उत्तर आणि मुदत मागा. तिथल्या तिथे शक्य नसेल तर बैठकीचं इतिवृत्त सहीनिशी.

याचं कारण आशांनी फार मोल देऊन शिकलं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ च्या संपात मानधनात सात हजारांच्या वाढीची घोषणा झाली. संप मागे घेतला. शासन निर्णय निघालाच नाही. १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप करावा लागला, फेब्रुवारीत आझाद मैदानात उघड्यावर बसावं लागलं, आणि मार्चमध्ये निर्णय आला तो पाच हजारांचा. घोषणा आणि शासन निर्णय यांच्यातलं अंतर इतकं असतं.

११. नोटीस आली तर

कारणे दाखवा नोटीस आली की घाबरून माफीनामा लिहून देऊ नका. कोऱ्या कागदावर तर सही नकोच. मुदतीत लेखी उत्तर द्या: निवेदनाची पोच, पोलीस परवानगी, गावातल्या सोयीचं पत्र, तिन्ही जोडून. सगळ्यांचं उत्तर एकाच मजकुराचं असावं.

आंदोलनाआधी पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली नोटीस दिली तर ती घ्या, प्रत ठेवा, शांततेची हमी देणारं उत्तर द्या. ही नोटीस म्हणजे अटक नव्हे. ताब्यात घेतलंच तर नाव, ठाणं आणि वेळ बाहेरच्या एका ताईला लगेच कळवा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद करायचा असेल तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही लागतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्यानुसार तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यांच्या कार्यालयाचा पत्ता आणि फोन आंदोलनाआधीच सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असावा.

धरण्यानंतर आठ दिवसांत सभा घेऊन जमा-खर्च वाचून दाखवा, पावत्या टेबलावर ठेवून. लेखी उत्तरातल्या मुदतीची तारीख त्याच सभेत प्रत्येकीने डायरीत लिहायची. ती तारीख उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी, झालेल्या कार्यवाहीची प्रत मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज गेलेला असला पाहिजे.